मोटारीचा डॅशबोर्ड आणि त्याची साक्ष

या व्यासपीठावरून आपण इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय अशा विषयांवर विद्वानांची भाषणे ऐकत आला आहात. त्या मालिकेत मोटारीच्या डॅशबोर्डावर बोलण्यासाठी एका कामगार कार्यकर्त्याला उभे करण्यात काय औचित्य, असा प्रश्न त्या सायंकाळी पहिल्या दोन रांगांतील मंडळींच्या चेहऱ्यावर आम्हांस स्पष्ट दिसत होता. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते गॅरेजातील मोटारीखाली आडवे पडून आणि मुंबईच्या पदपथावर मिळणारी जुनी पुस्तके वाचून. संघटनेच्या कामात तीस वर्षे गेली, पण हातात मल्टिमीटर धरण्याची सवय सुटली नाही. शिवाय आज घरोघरी मोटार आली आहे, आणि तिच्या डॅशबोर्डावर एखादा दिवा लागला की मालकाचे काळीज धडधडते व खिसा हलका होतो. तेव्हा हा विषय अगदीच परका नाही.

प्रथम डॅशबोर्ड म्हणजे काय ते पाहू. गॅरेजात त्या साऱ्या तबकड्या, काटे आणि दिवे यांच्या संचाला नुसते 'मीटर' म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरू. या मीटरला स्वतःला काहीच ठाऊक नसते. टाकीत पेट्रोल किती आहे हे टाकीतला फ्लोट सांगतो. इंजिन किती तापले हे पाण्याच्या वाटेवर बसवलेला सेन्सर सांगतो. ती बातमी तारेवरून येते आणि काटा ती आपल्याला दाखवतो. म्हणजे मीटर हा प्रत्यक्षदर्शी साक्षीदारही नव्हे, ऐकीव साक्ष देणारा आहे. ऐकीव साक्ष खोटी निघाली तर साक्षीदाराला फाशी द्यायची, की बातमी वाटेत कोठे बिघडली ते शोधायचे? आपल्याकडे बहुधा पहिला मार्ग पत्करला जातो. 'मीटर गेला, बदलावा लागेल' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची गणती नाही. आणि त्यानंतर काढलेले चांगले मीटरही पुष्कळ पाहिले आहेत.

बिघाड समोर आला की आमच्या मते पहिला प्रश्न असा विचारावा : एकच काटा चुकतो आहे, की अनेक? एकच चुकत असेल तर दोष त्याच्या एकट्याच्या वाटेवर, म्हणजे त्याचा सेन्सर, त्याची तार किंवा तो स्वतः, यांत कोठेतरी असतो. अनेक एकदम बिघडले असतील तर त्या सर्वांचे सामाईक काय आहे ते पाहावे. चार भाडेकरूंच्या घरातले नळ एकाच सकाळी कोरडे पडले तर आपण चार नळ बदलत नाही, गच्चीवरची टाकी पाहायला जातो. मोटारीत हा शहाणपणा का विसरला जातो, कोणास ठाऊक.

हा धडा आम्हांस वयाच्या सोळाव्या वर्षी मिळाला. जुन्या इंग्रजी पद्धतीची एक मोटार गॅरेजात आली होती. तिचा पेट्रोलचा काटा टाकी काठोकाठ भरल्याचे दाखवत होता आणि उष्णतेचा काटा इंजिन उकळत असल्याचे. टाकीत तर चार लिटर पेट्रोल नव्हते आणि रेडिएटरला हात लावला तर तो कोमट. मालक दोन्ही काटे नवे टाकण्याच्या तयारीने आला होता. आमचे वस्ताद अक्षरशत्रू होते, पण त्यांनी दोन काट्यांकडे पाहिलेही नाही. मीटरच्या पाठीमागे काडेपेटीपेक्षाही लहान अशी एक पत्र्याची डबी स्क्रूने बसवलेली होती. तिचा स्क्रू त्यांनी काढला, खालचा गंज पॉलिश पेपरने घासला, स्क्रू पुन्हा आवळला आणि चावी फिरवली. दोन्ही काटे हळूहळू खाली उतरून खरे बोलू लागले. 'का झाले?' असे विचारताच पाठीत पान्याचा प्रसाद मिळाला. त्या काळी शिकवण्याची रीतच तशी होती.

त्याचे कारण आम्हांस तीन वर्षांनी एका फाटक्या पुस्तकात सापडले. त्या मोटारींतले ते काटे उष्णतेवर चालत. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्याभोवतीच्या तारेतून वीज गेली की पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. पण इंजिन बंद असता बॅटरीचा दाब १२ व्होल्टच्या आसपास असतो आणि चालू असता १४ च्या. दाब असा बदलत राहिला तर काटाही विनाकारण हलेल. म्हणून ती डबी दोन्ही काट्यांना सरासरी १० व्होल्टच मिळतील अशी बेताबेताने वीज सोडते. तिला स्टॅबिलायझर म्हणतात. डबीचा मोटारीच्या पत्र्याशी असलेला संबंध गंजाने तुटला की तिचे काम थांबते आणि बॅटरीचा सगळा दाब काट्यांवर येतो. मग दोन्ही काटे एकाच दिशेने खोटे बोलतात. दोन साक्षीदारांनी अगदी सारखेच खोटे सांगितले, तर त्यांना कोणी पढवले ते शोधावे, हे पुढे खात्याच्या चौकशांत बसताना आम्हांस फार उपयोगी पडले.

आता त्या पत्र्याच्या संबंधाविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आमच्या अनुभवात मीटरच्या तक्रारींतला मोठा वाटा त्याचाच असतो. विजेला जाण्याची वाट लागते तशीच परतण्याचीही लागते. मोटारीत जाण्यासाठी तारा असतात. परतण्यासाठी मात्र मोटारीचा सांगाडाच वापरतात. बॅटरीचा ऋण खांब जाड तारेने सांगाड्याला आणि इंजिनाला जोडलेला असतो. यालाच आपले कारागीर 'अर्थ' म्हणतात. मीटरमधील काटे आणि दिवे यांची परतीची वाट म्हणजे बहुधा डॅशबोर्डाखाली पत्र्याला स्क्रूने जखडलेल्या एकदोन बारीक तारा. त्या स्क्रूखाली रंग राहिला, गंज चढला किंवा तो ढिला झाला, की विजेला परत जाता येत नाही. पण वीज थांबून राहत नाही. ती दुसऱ्या एखाद्या दिव्याच्या तारेतून उलटी शिरून आपली वाट काढते. मग इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच्या तालावर नाचतो, हेडलाइट लावले की उष्णतेचा काटा चढतो, जो दिवा लागू नये तो मंद लुकलुकतो. अशी भुताटकी दिसली की मांत्रिकाकडे जाऊ नये व नवा मीटरही आणू नये. अर्थ पाहावा.

तो पाहावा कसा, यातही एक खुबी आहे. पुष्कळ कारागीर मल्टिमीटर ओहमवर ठेवून तारेची दोन टोके तपासतात, आवाज आला की 'अर्थ ठीक आहे' म्हणतात. समजा, त्या तारेच्या वीस पदरांपैकी एकोणीस तुटले आहेत आणि एक शाबूत आहे. मल्टिमीटर तपासणीसाठी नखाएवढी वीज सोडतो. ती एका पदरातून सुखाने जाते आणि मल्टिमीटर ठीक म्हणतो. कोकणातल्या साकवावरून एकटा माणूस पार होतो, म्हणून त्यावरून भरलेली बैलगाडी जाईल काय? तेव्हा ओझे घालून तपासले पाहिजे. चावी चालू करावी, दिवे लावावे, मल्टिमीटर व्होल्टवर ठेवावा, त्याचे काळे टोक थेट बॅटरीच्या ऋण खांबावर आणि लाल टोक मीटरच्या अर्थ तारेवर ठेवावे. आकडा शून्याजवळ, फार तर एकदोन दशांश व्होल्ट यावा. तो अर्धा किंवा एक व्होल्ट आला, तर तेवढा दाब परतीच्या वाटेवर वाया जातो आहे हे सिद्ध झाले. हिशोब सोपा आहे : वाटेत अर्ध्या ओहमचा अडथळा असला आणि त्यातून २ अँपिअर वीज जात असली, तर १ व्होल्ट तेथेच संपतो.

हा हिशोब ज्याने जगाला दिला त्या गेऑर्ग ओहमचे नाव मोजमापाच्या एककाला मिळाले आहे, पण त्याचा बाप कुलपे करणारा कारागीर होता हे फारसे कोणी सांगत नाही. त्या बापाने स्वतःच्या बळावर गणित शिकून मुलांना शिकवले. ओहमने आपला ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्या देशातील विद्वानांनी त्याची कदर केली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने पदक दिले ते १८४१ साली. आम्हा न शिकलेल्यांना या गोष्टीने धीर येतो, म्हणून येथे सांगितली. असो.

बॅटरीच्या चित्राचा तांबडा दिवा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो का लागतो आणि का विझतो हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. जुन्या मोटारींत या दिव्याचे एक टोक चावीमार्गे बॅटरीला आणि दुसरे अल्टरनेटरला, म्हणजे वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला, जोडलेले असते. चावी फिरवली पण इंजिन सुरू नाही, अशा वेळी बॅटरीच्या बाजूला दाब आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. वीज दिव्यातून वाहते आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झाले, अल्टरनेटर वीज देऊ लागला, की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. दोन हौदांतील पाणी समपातळीवर आले की मधल्या नळीतून पाणी वाहत नाही. तसा दिवा विझतो. म्हणजे हा दिवा अल्टरनेटर बंद पडल्याचे सांगत नसून दोन बाजूंतील तफावत सांगतो. चालत्या मोटारीत तो मंद पेटत राहिला तर थोडी तफावत आहे. चावी काढल्यावरही तो पेटत राहिला तर अल्टरनेटरमधील एखादा डायोड फुटून वीज उलटी येत आहे आणि रात्रीतून बॅटरी रिकामी होणार आहे. गंमत अशी की, अनेक जुन्या मोटारींत अल्टरनेटरला जागे करणारी पहिली वीज याच दिव्यातून जाते. दीडदमडीचा बल्ब गेला, तर चांगला अल्टरनेटरही सुरुवातीला वीज देत नाही. बल्ब न पाहता अल्टरनेटर बदलल्याची उदाहरणे आम्ही जाणतो.

यावरून आम्ही त्या गोष्टीकडे येतो, जिच्यामुळे हा विषय आमच्या मनात इतकी वर्षे राहिला आहे.

१९९८ सालची गोष्ट. भाड्याने मोटारी पुरवणाऱ्या एका कंपनीत आमचे काही सभासद ड्रायव्हर होते. त्यांपैकी एकाची मोटार घाटात बंद पडली. इंजिनातील ऑइल गळून गेले होते आणि इंजिन जाम झाले होते. कंपनीने त्याच्यावर आरोप ठेवला की, ऑइलचा तांबडा दिवा लागला असताही त्याने निष्काळजीपणाने मोटार हाकली. सबब त्याला निलंबित करावे आणि इंजिनाचा खर्च पगारातून कापावा. ड्रायव्हर एवढेच म्हणे, 'भाऊ, दिवा लागलाच नाही हो.' त्यावर कोण विश्वास ठेवणार? आरोपी असे म्हणतोच.

चौकशीच्या दिवशी आम्ही साहेबांना एवढीच विनंती केली की, मोटार आवारातच उभी आहे तर सगळ्यांनी मिळून तिच्याजवळ जावे आणि चावी फिरवावी. ऑइलच्या दिव्याची रचना अशी असते : इंजिनावर एक लहान स्विच बसवलेला असतो. ऑइलचा दाब नसतो तेव्हा तो स्विच मिटलेला असतो व दिव्याला अर्थ मिळून दिवा लागतो. दाब आला की स्विच उघडतो आणि दिवा विझतो. म्हणजे बंद इंजिनावर चावी फिरवली की हा दिवा लागलाच पाहिजे. चावी फिरवली. बॅटरीचा दिवा लागला, हातब्रेकचा लागला, ऑइलचा लागला नाही. मग स्विचवरची तार काढून आम्ही इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवली. स्विच बिघडला असता तर आता तरी दिवा लागायला हवा होता. तरीही अंधार. शेजारचे दिवे लागतात म्हणजे वीज येते आहे. राहिली वरची तार आणि बल्ब. मीटर बाहेर काढला. ऑइलच्या दिव्याच्या जागी बल्बच नव्हता. रिकाम्या घरात धुळीचा थर होता आणि आतल्या पितळी पट्टीवर हिरवा क्षार चढला होता. तो बल्ब काल-परवा काढलेला नव्हता हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. दुसऱ्या एखाद्या मोटारीची नड भागवण्यासाठी कोणीतरी तो 'तात्पुरता' काढून नेला असणार. तपासणीच्या कागदावर मात्र दररोज 'दिवे : ठीक' अशी खूण होती.

कंपनीच्या बाजूने सांगण्यात आले की, रोज चावी फिरवताना दिवा लागत नाही हे ड्रायव्हरला दिसायला हवे होते. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पण लागलेला दिवा डोळ्यांत खुपतो. न लागलेला दिसत नाही. तो पाहायला शिकवावे लागते आणि ते कोणी शिकवले नव्हते. ड्रायव्हर कामावर परत आला. इंजिनाची वसुली रद्द झाली. निलंबनाच्या एका महिन्याचा पगार मात्र त्याला कधीच मिळाला नाही, तो आमचा कमीपणा समजतो.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक ड्रायव्हरला एक सवय लावतो. चावी फिरवावी, सेल्फ मारण्यापूर्वी दोन सेकंद थांबावे आणि दिवे मोजावे. आपल्या मोटारीत किती दिवे लागायला हवेत ते पुस्तिकेत दिलेले असते. आजच्या मोटारींत इंजिनाचा, ए.बी.एस. ब्रेकचा आणि एअरबॅगचाही दिवा या वेळी लागतो आणि काही क्षणांत विझतो. जुनी मोटार विकत घेताना तर हे अवश्य पाहावे. बिघाड लपवण्यासाठी एअरबॅगच्या दिव्याची तार शेजारच्या दिव्याला जोडून देणारे महाभाग आहेत. दोन दिवे अगदी एकाच क्षणी लागतात आणि एकाच क्षणी विझतात, त्यावरून संशय घ्यावा. एअरबॅगचे कपलर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. त्यांत मल्टिमीटरची टोके घरच्या माणसाने मुळीच घालू नयेत.

पेट्रोलच्या काट्याचे थोडक्यात सांगतो. जुन्या मोटारीत फ्लोटवरची तार काढली आणि मग तीच तार लहान बल्बामार्फत पत्र्याला जोडली, तर काटा एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकला पाहिजे. सरकला तर काटा आणि तार निर्दोष, दोष टाकीत. ही चाचणी टाकीच्या उघड्या तोंडाजवळ करू नये. ठिणगी लहान-मोठी पाहत नाही. टाकी अर्धी असतानाच काटा उड्या मारत असेल तर फ्लोटची घासपट्टी नेमकी तेवढ्याच जागी झिजली आहे असे समजावे, कारण रोजच्या वापरात फ्लोट तेथेच जास्त फिरतो.

पावसाळ्याविषयी बोलल्यावाचून आपल्याकडे हा विषय पुरा होत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर आसने वाळवून, इंजिन धुऊन त्या रस्त्यावर आल्या. खरी पीडा त्यानंतर सुरू झाली. कपलरच्या आत शिरलेले पाणी वाळले तरी क्षार मागे राहतो. आणि तारेच्या पदरांमधून पाणी, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, आतल्या आत चढते. वरचे प्लॅस्टिक चकचकीत, आत तांब्याची हिरवी माती. दिवाळी आली तरी त्या मोटारींचे दिवे मनास येईल तसे लागत होते. अशा वेळी एकेक कपलर काढून डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. उंदीर हा दुसरा शत्रू. मोटार आठवडाभर उभी राहिली की तो बोनेटखाली संसार थाटतो आणि तारा कुरतडतो. फ्यूज वारंवार जाऊ लागला तर तो जाड करू नये, सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर कदापि लावू नये. १० अँपिअरचा फ्यूज जळतो तो तार जळू नये म्हणून. तोच मुका केला की पुढची पाळी तारेची आणि नंतर मोटारीची.

आता कोणी म्हणेल, हे सगळे जुन्या मोटारींचे. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. आजच्या मोटारीत काट्यांऐवजी पडदा आहे. खरे आहे. आज इंजिनाच्या सेन्सरची तार थेट मीटरकडे जात नाही. ती इंजिनाच्या संगणकाकडे जाते आणि तो संगणक मीटरला निरोप धाडतो. ब्रेकचा संगणक वेगळा, एअरबॅगचा वेगळा. हे सगळे एकमेकांत दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली; तिला 'कॅन' म्हणतात. प्रत्येक निरोपाला वेगळी तार टाकली असती तर मोटारीत तारांचे जंगल माजले असते. दोन तारांवर विश्रांतीच्या वेळी अडीच-अडीच व्होल्ट असतात. निरोप देताना एक साडेतीनवर चढते आणि दुसरी दीडवर उतरते. ऐकणारा दोघींतला फरक मोजतो. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच आदळतो, म्हणून फरक शाबूत राहतो.

आमचा जुना प्रश्न येथेही तसाच लागू पडतो : एकच गोष्ट बिघडली, की अनेक? डॅशबोर्डावर दिवाळीसारखे सगळेच दिवे एकदम लागले तर सगळीच यंत्रे एका सकाळी मेली असे मानू नये. प्रथम बॅटरी पाहावी. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास असते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर संगणक मध्येच बेशुद्ध पडतात आणि शुद्धीवर आल्यावर एकमेकांविरुद्ध तक्रारी नोंदवतात. बॅटरी चांगली, खांब घट्ट, अर्थ चांगला असूनही गोंधळ असेल तर त्या दोन तारा तपासाव्यात. त्यांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक अवरोधक असतो. बॅटरी सोडवून ठेवून डॅशबोर्डाखालच्या तपासणी-सॉकेटात ६ आणि १४ या क्रमांकांच्या खिट्ट्यांमध्ये मोजले, तर पुष्कळ मोटारींत ६० ओहम येतात. १२० आले तर एका टोकाकडे जाणारी वाट तुटली आहे. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ज्याने ओहमचा हिशोब समजून घेतला आहे त्याला ही नवी मोटार परकी वाटत नाही.

त्याच सॉकेटात स्कॅनर लावला की संगणक आपल्या तक्रारींचे क्रमांक सांगतो. स्कॅनर उपयोगाचा आहे, पण त्याला न्यायाधीश मानू नये. 'उष्णतेचा सेन्सर, दाब जास्त' असे तो सांगतो. सेन्सर बिघडला, तार तुटली की कपलरात पाणी गेले, हे तो सांगत नाही. मात्र एक निवाडा त्याच्याकडून चांगला मिळतो. इंजिनाच्या संगणकात उष्णता ९० अंश दिसते आहे आणि मीटरवर शून्य, तर सेन्सर निर्दोष. दोष मीटरमध्ये किंवा मधल्या निरोपाच्या वाटेवर आहे.

आणि मीटर खरोखरच दोषी असेल तर? तेव्हाही तो सगळा फेकण्याजोगा असतो असे नाही. डॅशबोर्डावर थाप मारली की पडदा जागा होतो, किंवा सकाळी मुका असतो आणि दुपारी उन्हात बोलू लागतो, तर आतल्या पट्टीवरचा एखादा डाख तडकला आहे असा तर्क करावा. कुशल हात तो पुन्हा लावू शकतो. पडदा पूर्ण काळा झाला तर अंधारात त्यावर तिरका टॉर्च मारून पाहावा. अंधुक आकडे दिसले तर चित्र शाबूत आहे, फक्त मागचा प्रकाश गेला आहे. दुसऱ्या मोटारीचा मीटर आणून बसवणे मात्र दिसते तितके सोपे नाही. चाललेले किलोमीटर त्याच्या स्मरणात असतात, काही मोटारींत चावीची ओळखही तेथेच असते, आणि आकडा जुळवून तशी नोंद न ठेवल्यास पुढे विक्रीच्या वेळी लबाडीचा आळ येतो.

इतके सगळे असताना चांगले मीटर का बदलले जातात? कारागीर अडाणी असतात म्हणून, असे म्हणणे सोपे आहे. आम्ही ज्या गॅरेज कामगारांमध्ये काम केले, त्यांच्या पावत्या आम्ही पाहिल्या आहेत. 'मीटर नवा', 'बसवण्याची मजुरी' असे रकाने त्यांत असतात. 'दोष शोधला' असा रकाना नसतो. ज्या पोराने चार तास डॅशबोर्डाखाली मान वाकडी करून एक गंजलेला स्क्रू शोधला, त्याच्या त्या चार तासांचे मोल पावतीवर कोठे लिहायचे? स्क्रूची किंमत दोन रुपये. गिऱ्हाईक म्हणते, 'एक स्क्रू आवळायचे एवढे पैसे?' मालक म्हणतो, 'त्यापेक्षा मीटरच बदलायचा होतास.' पोरगा पुढच्या वेळी मीटरच बदलतो. विद्या येत नाही म्हणून नव्हे, विद्येची मजुरी मिळत नाही म्हणून.

तेव्हा मोटार दाखवायला न्याल तेव्हा कारागिराला 'मीटर गेला' असे सांगू नका. काय घडते तेवढेच सांगा : कोणता काटा, कोणता दिवा, पाऊस पडल्यावर की उन्हात, थंड इंजिनावर की तापल्यावर, कोणते बटण दाबले असता, त्याआधी आठवडाभरात मोटारीवर कोणी कोणते काम केले. नवा रेडिओ बसवला असेल तर तेही लपवू नका. पुष्कळदा अर्थची तार तेथेच सुटलेली असते. एवढी माहिती मिळाली तर त्याचे अर्धे काम वाचेल. आमच्या ओळखीच्या एका गॅरेजात आम्ही पावतीवर शोधाच्या तासांचा रकाना छापून घ्यायला लावला आहे. गिऱ्हाइके त्यावर अजून घासाघीस करतात, पण रकाना टिकून आहे.